ज्या घरी कार्ड गेलं नाही

उल्का पाटणकर चिडली की आधी तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा, मग ती इंग्रजीत शिरायची, आणि अगदीच पारा चढला की सरळ कराडच्या मराठीत. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री शहरातल्या आमच्या बेबी क्लिनिकमध्ये ती तिसरी पायरी फक्त मला कळायची, कारण मराठी समजणारी तिथे मी एकटी. डॉक्टर ती आणि कार्डं पाठवणारी कारकून मी. मी नाशिकची, माझीही जीभ काही मऊ नाही, त्यामुळे आमचं पहिल्याच आठवड्यात जुळलं.

ही गोष्ट १९८२ सालापासूनची. क्लिनिक म्हणजे चर्चच्या मागचा एक हॉल. दर मंगळवारी दुपारी दोन ते चार आम्ही तिथे वजनकाटा मांडायचो, कोपऱ्यातल्या फ्रिजमध्ये लसीच्या कुप्या आहेत ना ते बघायचो आणि वाट बघत बसायचो. खरं तर बाहेर बाबागाड्यांची रांग लागायला हवी होती. ती काही लागायची नाही.

मी नाशिकहून आले तेव्हा माझी समजूत अशी, की लस न मिळणं हा गरिबांच्या देशातला प्रश्न. इथे तर फ्रिज भरलेला, डॉक्टर बसलेली, सगळं फुकट, आणि तरी गोवराची लस घेतलेली मुलं निम्म्याहून थोडी जास्त. हे कसं, ते मला कळेना. उल्काने ते मला वर्षभर चिडचिड करत समजावून दिलं.

एक तर वेळ. दोन ते चारमध्ये कामावरची आई येणार कुठून? दुसरं म्हणजे आमचा कंप्युटर. तो बाळाच्या नावाने लसीच्या बोलावण्याचं कार्ड काढायचा. आई आली नाही तर दुसरं, मग तिसरं. तिसऱ्यानंतर तो गप्प. ते मूल त्याच्या दृष्टीने संपलं. घर बदललेल्यांची कार्डं जुन्या दारात पडून राहायची. आणि ज्या आया यायच्या त्यांना परत पाठवायला आमचे लोक तयारच असायचे. बाळाला सर्दी आहे, पुढच्या महिन्यात या. अंगावर पुरळ आहे, नंतर बघू. एकदा एका म्हाताऱ्या जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, चिठ्ठी पाठवली, की मुलाच्या मावशीला लहानपणी फिट आली होती, तरी टोचू नये. उल्काने ती चिठ्ठी मला वाचून दाखवली आणि म्हणाली, "याच्या आत्याला चक्कर आली असती तर यानं पोराला जेवायला पण घातलं नसतं बघ!"

वरून टीव्हीने काही वर्षांपूर्वी डांग्या खोकल्याच्या लसीबद्दल लोकांना इतकं घाबरवून ठेवलं होतं, की सगळ्याच सुयांवर संशय. पॉलीन नावाची एक आई होती, स्वभावाने गोड. तिला उल्काने अर्धा तास समजावलं. पॉलीनने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इट्स ओन्ली मीझल्स, लव्ह. आम्हा सगळ्या भावंडांना होऊन गेला." जाताना उल्काच्याच दंडावर थोपटून गेली.

"कराडला एखाद्या बाईला सांगितलं ना, की गोवराची लस आलीये," उल्का नंतर म्हणाली, "तर ती उन्हात चालत येईल. कारण तिच्या गल्लीत कुणाचं तरी मूल गेलेलं असतं. इथे कुणाला आठवतच नाही. म्हणून सगळ्यांकडे वेळच वेळ. आज नाही तर पुढच्या महिन्यात."

मग ती शनिवारी घराघरांत जायला लागली. तीन कार्डांनंतर गप्प झालेली नावं मी वहीत उतरवून द्यायची, आणि आम्ही दोघी बसने फिरायचो. हे काम कुणी तिला सांगितलं नव्हतं, त्याची परवानगीही नव्हती. काही दारं तोंडावर बंद व्हायची. बाकीच्या ठिकाणी ती चहा घ्यायची, बाळाला मांडीवर घ्यायची आणि हलायचीच नाही. कंटाळून आई मंगळवारी यायची. तिचा एकच नियम होता, 'सूट कुणालाही नाही.' कौन्सिलरची नात असो, नाहीतर नर्सची मुलगी. यादीत नाव, म्हणजे कार्ड.

पण हे सगळं मी तिचं कौतुक करायला सांगत नाहीये. तिला स्वतःची एक मुलगी होती, आणि ती तिच्या घरी नव्हती, म्हणून सांगतेय.

रश्मी १९८१ मध्ये कॉव्हेंट्रीतच जन्मली. उल्काचा नवरा शशिधर सर्जन व्हायच्या मार्गावर. सहा महिने या हॉस्पिटलात, सहा महिने त्या, घर म्हणजे हॉस्पिटलच्या क्वार्टर्समधल्या दोन खोल्या. उल्काला मुलांची डॉक्टर व्हायचं होतं, त्यासाठी एमआरसीपीची परीक्षा पास व्हायला हवी. ती रश्मीला घेऊन अभ्यासाला बसायची आणि दोन्हींपैकी एकही धड व्हायचं नाही. त्या काळी आपल्या डॉक्टर लोकांत यावर एक सर्रास उपाय होता. मूल भारतात आजीकडे ठेवायचं. ओळखीच्या चार घरांतली मुलं अशी पुण्याला, सांगलीला वाढत होती. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. नऊ महिन्यांची रश्मी कराडला गेली. एक वर्षासाठी. परीक्षा झाली की आणायची.

पहिल्या वेळी उल्का नापास झाली. दुसऱ्या वेळी लेखी पास, तोंडीत गेली. मग शशिधरची परीक्षा आली, मग क्वार्टर्स बदलली. एकाची चार वर्षं झाली.

तिची आई दर दोन महिन्यांनी पाकिटातून एक दोरा पाठवायची. रश्मीला भिंतीशी उभी करून डोक्यापासून टाचेपर्यंत मापलेला. मंगळवारी क्लिनिक संपलं, की उल्का तो दोरा आमच्या उंची मोजायच्या फळीवर ताणून धरायची आणि मला आकडा वाचायला सांगायची. मी वाचायची, ती लिहून घ्यायची. मग दोरा बोटाला गुंडाळत नुसतीच उभी राहायची. मला कोटाची बटणं लावायला त्या दिवशी फार वेळ लागायचा.

महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन. कराडच्या घरी उल्काचा धाकटा भाऊ श्रीकांत. तो उल्काला ताई म्हणायचा, आणि आजीला अख्खं घर आई म्हणायचं. रश्मीने तेच उचललं. आजी झाली आई आणि उल्का झाली ताई. पहिल्यांदा हे सांगताना उल्का खूप हसली. "माझीच मुलगी मला ताई म्हणते गं!" तिसऱ्या-चौथ्यांदा सांगितलं तेव्हा नाही हसली.

तिला मुलीची भूक लागली होती. मला याला दुसरा शब्द सापडत नाही. एकदा हॉल बंद करताना ती म्हणाली, "वैजू, मी दिवसभरात वीस पोरांचे दंड हातात धरते. एवढेसे, गरम. घरी गेल्यावर माझे हात कुठे ठेवू, ते मला कळत नाही."

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात ती पुन्हा नापास झाली आणि म्हणाली, "खड्ड्यात गेली परीक्षा. मी तिला आणायला चाललेय." सप्टेंबरमध्ये रश्मी आली. साडेचार वर्षांची, दोन वेण्या, पायांत पैंजण. मी भेटायला गेले तर मला वाकून नमस्कार केला. अतिशय गुणी मुलगी. आणि तोच घोळ होता. ती त्या घरात पाहुण्यासारखी राहत होती. मी बसलेली असताना तिने उल्काला विचारलं, "ताई, मी पाणी घेऊ का?" स्वतःच्या घरात! उल्काने उठून पाणी दिलं. रश्मी म्हणाली, "थँक यू."

"होईल रुळायला," मी म्हटलं.

"मी घाई करणार नाही," उल्का म्हणाली. "ती ज्या दिवशी न विचारता फ्रिज उघडेल, त्या दिवशी मी पेढे वाटेन."

त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर रश्मीचा फॉर्म आला. बाहेरून आलेल्या मुलाचं नाव पुन्हा यादीत घालायचं, टोचण्यांची माहिती भरायची, मग उरलेल्या टोचण्यांचं कार्ड आपोआप निघतं. मी तो फॉर्म हातात घेतला आणि मला हसू आलं. डॉक्टरच्या घरी तिच्याच क्लिनिकचं कार्ड कशाला पाठवायचं? चहाच्या वेळी तिला विचारून भरू, असं म्हणून मी तो ट्रेमध्ये ठेवला. त्यावर दुसरे कागद आले. मग तिसरे.

आणि उल्काने? तिने कराडहून निघताना आईला विचारलं होतं, "डॉक्टरांकडे सगळं वेळेवर केलंस ना?" आई म्हणाली, "केलं की." झालं, विषय संपला.

शहाऐंशीच्या मार्च महिन्यात रश्मीच्या शाळेत गोवर आला. पहिल्या वर्गात पाच मुलं, मग नऊ. पुढच्या आठवड्यात एका सकाळी रश्मीचे डोळे लाल दिसले, म्हणून उल्काने तिला खिडकीशी नेऊन आ करायला लावलं. गालाच्या आतल्या बाजूला मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके होते. गोवराची खूण. अंगावर पुरळ यायच्या आधी ती तोंडात दिसते. पुस्तकात चित्र असतं त्याचं. मी तोपर्यंत धरून चालले होते, की डॉक्टरांच्या मुलांना असलं काही होत नाही. उल्काने मला फोन केला आणि इतकंच विचारलं, "वैजू, रश्मीचं कार्ड आपण काढलं होतं का गं?"

मी ट्रे उपसला. फॉर्म तळाशी होता, कोरा.

तिने कराडला फोन लावला, तेव्हा मी तिथेच होते. आजीचा आवाज मला सोफ्यावरून ऐकू येत होता. "अगं, इंग्लंडात जन्मलेली पोर! तिकडे सगळं झालं असणार ना? इथले डॉक्टर म्हणत होते, गोवराचीही लस मुंबईहून मागवून देतो. मीच म्हटलं, कशाला, तिच्या टोचण्यांच्या कार्डावर तिच्या आईच्या तीन-तीन सह्या आहेत."

तीन सह्या होत्या खऱ्या. त्या डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वाताच्या. गोवराची इथे दुसऱ्या वर्षात द्यायची, आणि दुसऱ्या वर्षात रश्मी कराडला होती. कराडला वाटलं इंग्लंडने दिली, इंग्लंडला वाटलं कराडने दिली. आणि मला वाटलं, डॉक्टरची मुलगी आहे, मी कोण विचारणार? आम्ही सगळे शिकलेले, सगळ्यांचा तिच्यावर जीव, आणि कुणीही त्या कार्डावरचा चौथा चौकोन बोट ठेवून पाहिला नाही. मी उल्काला सगळं खरं सांगितलं. ती माझ्यावर ओरडेल अशी माझी फार इच्छा होती. ती ओरडली नाही. "तुझा ट्रे होता, माझी मुलगी होती," इतकंच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ताप छातीत उतरला. न्यूमोनिया. रश्मीला हॉस्पिटलात हलवलं आणि उल्का तिच्या कॉटजवळची खुर्ची सोडेना. शशिधर डबा आणायचा आणि तसाच परत न्यायचा. मी दुपारी जायची. रश्मी ग्लानीत "आई" म्हणायची. उल्का पटकन "ओ" द्यायची. मुलगी डोळे उघडायची, तिच्याकडे बघायची आणि पुन्हा मिटून घ्यायची.

"ती मला नाही हाक मारत," उल्का कॉरिडॉरमध्ये मला म्हणाली. "माझ्या आईला मारते. मी ओ दिली की तिची निराशा होते. पण मी गप्प तरी कशी बसू?" आणि भिंतीला कपाळ टेकून ती रडली, इतक्या वर्षांत माझ्यासमोर पहिल्यांदा.

रश्मी बरी झाली. फुप्फुसं साफ, कान शाबूत, देवाची कृपा. घरी आली आणि पुढच्या सोमवारी उल्का कामावर हजर झाली, कारण शहरभर गोवर पसरला होता, क्लिनिक रोज उघडत होतं आणि आता मात्र हॉलबाहेर बाबागाड्यांची रांग लागली होती. पॉलीनही त्यात होती, धाकट्याला घेऊन. थोरल्याला होऊन गेला होता आणि तो अजून धड जेवत नव्हता. ती या खेपेला "ओन्ली मीझल्स" म्हणाली नाही. उल्काने तिला एका शब्दाने टोचलं नाही, सुई तेवढी टोचली.

जूनमध्ये रश्मीने विचारलं, "ताई, मी कराडला परत जाऊ?"

मी उल्काशी कडाकडा भांडले. म्हटलं, पाच वर्षांच्या पोरीला काय कळतं, दम धर, दोन वर्षांनी ती कराडचं नावही काढणार नाही. ती म्हणाली, "मी तिला माझ्या हौसेसाठी इथे आणली आणि आजारी पाडली. ती तिच्या आईकडे जायचं म्हणतेय. मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?" जुलैत ती तिला सोडून आली. परत आली ती एकदम बारीक होऊन.

पुढची वर्षं भरभर गेली. अठ्ठ्याऐंशीत गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींची एकत्र लस आली. अमेरिकेत ती कितीतरी आधीपासून होती. आकडे चढले. उल्काने परीक्षेचं नाव पुन्हा काढलं नाही. लसीच्या कामातच ती मोठी झाली, तरुण डॉक्टरांना शिकवायला लागली. त्यांच्यासाठी पहिला धडा एकच होता. दुसऱ्याने केलं असेल असं धरून चालू नका, कार्ड मागा, बघा. कुणाचं उदाहरण ते मात्र ती सांगायची नाही. दर हिवाळ्यात तीन आठवडे कराडला जायची. दुसरं मूल झालं नाही. का, ते मी विचारलं नाही.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात रश्मी सहा आठवड्यांसाठी आली. बारावी झाली होती, सतरा वर्षांची, उल्कापेक्षा चार बोटं उंच. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्या तीन-एकत्र लसीचा मुलांच्या ऑटिझमशी संबंध जोडणारा शोधनिबंध कुणीतरी लिहिला होता आणि पेपरांनी नवं भूत उभं केलं होतं. पुढे ते सगळं खोटं ठरलं, पण तेव्हा आया पुन्हा कार्डं परत पाठवत होत्या आणि उल्काच्या नाकाचा शेंडा पुन्हा लाल राहू लागला होता.

एका रविवारी दुपारी आम्ही त्यांच्या मागच्या बागेत बसलो होतो, मी आणि रश्मी, एका बाकावर. उल्का आत चहा करत होती. बारा वर्षं मनात राहिलेलं मी बोलून टाकलं. "रश्मी, तुला तो गोवर झाला ना, तो माझ्यामुळे. तुझा फॉर्म मी ट्रेमध्ये ठेवून दिला होता. मला माफ कर बाई."

रश्मी माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "मावशी, अहो, माझ्या इंग्लंडमधल्या त्याच तर चांगल्या आठवणी आहेत."

"हॉस्पिटलच्या?"

"हो ना. त्या नऊ दिवसांत ताई एकदाही क्लिनिकला गेली नाही. सारखी माझ्याजवळ. मी हाक मारली की ओ द्यायची. मी मुद्दाम पुन्हा डोळे मिटून घ्यायचे. बरी दिसले तर जाईल ना ती. मी बरं व्हायचंच नाही असं ठरवलं होतं. आणि मग झालेच बरी, आणि सोमवारी ती गेली."

मी विचारलं, "मग कराडला परत जायचं कशाला म्हणालीस गं?"

"मला वाटलं, जाऊ का विचारलं की ती नको म्हणेल." रश्मीने वेणीचं टोक चाचपलं. "ती लगेच तिकीट काढून आली."

मागे कपांचा आवाज झाला. उल्का ट्रे घेऊन दारात उभी होती. किती वेळ, ते मला माहीत नाही. तिने ट्रे पायरीवर ठेवला. हात कोरडेच होते, तरी पदराला पुसले.

"नऊ नाही," ती म्हणाली. "दहा. घरी आणल्यावर आणखी एक दिवस मी होते. तुझ्या उशाशी. पूर्ण दिवस. तू झोपली होतीस."

रश्मी बाकावर सरकली, तिच्यासाठी जागा केली.

"मग उठवायचंस ना मला," ती म्हणाली.